स्टेन गन : थट्टेचा विषय झालेली बंदूक खरोखर वाईट होती का?

दप्तरदार

दुसऱ्या महायुद्धातील शस्त्रांविषयी वाचताना एक गोष्ट मला नेहमी खटकते. ब्रिटिशांच्या स्टेन या सबमशीनगनचा (म्हणजे पिस्तुलाच्या गोळ्या सलग झाडणाऱ्या हलक्या बंदुकीचा) विषय निघाला की बहुतेक लेखक तिची टिंगल केल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. ती वापरणारे सैनिकही तिला 'प्लंबरचे दुःस्वप्न' किंवा 'वूलवर्थची बंदूक' म्हणत असत, आणि वूलवर्थ हे त्या काळी स्वस्त मालासाठी प्रसिद्ध असलेले दुकान होते. एवढी थट्टा झालेली ही बंदूक सुमारे चाळीस लाखांच्या संख्येने तयार झाली आणि १९५० च्या दशकापर्यंत सैन्यात टिकली, हे कसे?

थोडी पार्श्वभूमी सांगतो. युद्धापूर्वी ब्रिटिश लष्कराला सबमशीनगनचे फारसे महत्त्व वाटत नव्हते. हे अमेरिकेतील गुंडांचे हत्यार आहे, असाच तेथील अधिकाऱ्यांचा सूर होता. जून १९४० मध्ये जर्मनांच्या वेढ्यातून फ्रान्समधील डंकर्क बंदरातून सव्वातीन लाखांहून अधिक सैनिक परत आले, पण त्यांची बहुतेक अवजड सामग्री फ्रान्सच्या किनाऱ्यावरच राहिली. अमेरिकेतून थॉम्पसन सबमशीनगन मागवाव्यात, तर एकेका बंदुकीला दोनशे डॉलरच्या आसपास मोजावे लागत होते आणि माल घेऊन येणारी जहाजे जर्मन पाणबुड्यांच्या तावडीतून सुटतीलच याची शाश्वती नव्हती. एमपी २८ या जर्मन सबमशीनगनवरून बेतलेली लँचेस्टर ही बंदूक सुबक होती, परंतु तिच्या निर्मितीला वेळ फार लागत असे आणि ती प्रामुख्याने नौदलाच्या वाट्याला गेली. या पेचातून १९४१ च्या सुरुवातीला एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात मेजर रेजिनाल्ड शेफर्ड आणि हॅरल्ड टर्पिन यांनी स्टेनचा आराखडा सिद्ध केला. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे आणि एनफिल्डची पहिली दोन अक्षरे जोडून तिचे नाव ठेवले गेले. त्याच वर्षी १३ जूनला शूबरीनेस येथे चर्चिल यांनी स्वतः ती चालवून पाहिली होती. ते छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल.

माझा प्रश्न असा आहे की, ही बंदूक मुळात टाकाऊ होती आणि नाइलाज म्हणून चालवून घेतली गेली, की तो विचारपूर्वक घेतलेला आणि योग्य ठरलेला निर्णय होता? माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण जाणकारांची मते वाचायला आवडतील.

लेथवाला

विषय आवडीचा असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. मी आयुष्यभर टूलरूममध्ये काम केले असल्यामुळे शस्त्राकडे माझी नजर कारागिराची आहे.

थॉम्पसनचा मुख्य सांगाडा म्हणजे पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढलेला भाग होता. अशा कामात ठोकळ्याचा मोठा हिस्सा चुऱ्याच्या रूपाने मशीनखाली पडतो, आणि प्रत्येक टप्प्याला कुशल माणूस लागतो. स्टेनमध्ये ही पद्धतच बाजूला ठेवली गेली. तिचा सांगाडा म्हणजे एक पोलादी नळकांडे आणि उरलेले बहुतेक भाग प्रेसवर दाबलेल्या पत्र्याचे, जे वेल्डिंग किंवा रिव्हेटने जोडले जात. खऱ्या अर्थाने काळजीपूर्वक मशीनिंग करावे लागे ते फक्त गोळी जाणाऱ्या नळीचे आणि आत मागेपुढे धावणाऱ्या बोल्टचे. त्यामुळे लहान लहान वर्कशॉपना सुटे भाग जॉबवर्कवर देता आले आणि जोडणी मोठ्या कारखान्यांत करता आली. पहिला नमुना क्लाइडबँक येथे सिंगर कंपनीने बनवला, म्हणजे तीच सिंगर, जिचे शिवणयंत्र आपल्यापैकी अनेकांच्या आज्यांकडे होते. पुढे बर्मिंगहॅमची बीएसए आणि लिव्हरपूलजवळचा फॅझाकर्लीचा सरकारी कारखाना असे मोठे कारखाने या कामाला लागले.

पहिल्या नमुन्याला समोर दुमडणारी लाकडी मूठ होती आणि नळीच्या टोकाला ज्वाळा झाकणारी जोडणी होती. दुसऱ्या नमुन्यात हे सगळे काढून टाकले, आणि वीस लाखांहून अधिक संख्येने निघालेला तो दुसरा नमुनाच आज सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो. तिसरा नमुना त्याहूनही साधा होता आणि तो लंडनच्या मर्टन भागातील लाइन्स ब्रदर्स यांनी लाखोंच्या संख्येने काढला. हा कारखाना युद्धापूर्वी ट्राय-अँग नावाने मुलांची खेळणी बनवत असे. पत्रा दाबणे आणि वाकवून जोडणे यात त्यांचा हात आधीच बसलेला होता, त्यामुळे काम त्यांना देण्यामागे पूर्ण हिशोब होता. एका स्टेनची किंमत दोन-अडीच पौंडांच्या घरात उतरली, ती अशा हिशोबांमुळे.

फुकटचा_सल्ला

खेळण्यांच्या कारखान्यातून निघालेली बंदूक ऐन वेळी अडकत असे, यात नवल वाटण्यासारखे काहीच नाही. आमच्या चिरंजीवांसाठी जत्रेतून आणलेली बंदूकही घरी पोहोचेपर्यंत टिकत नाही.

रोखठोक

लेथवाला यांचा प्रतिसाद उत्तम आहे, परंतु स्वस्तात आणि झटपट तयार होणे हा शस्त्राचा दुय्यम गुण आहे. शस्त्राचे पहिले काम म्हणजे चाप ओढल्यावर गोळी सुटणे आणि चाप न ओढता ती न सुटणे. स्टेन या दोन्ही कसोट्यांवर नापास होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या कसोटीसाठी प्रागचे उदाहरण पुरेसे आहे. २७ मे १९४२ रोजी राइनहार्ड हायड्रिश या नाझी अधिकाऱ्याची उघडी मोटार एका तीव्र वळणावर मंदावली, तेव्हा ब्रिटनमध्ये प्रशिक्षण घेऊन विमानातून उतरवलेला योझेफ गाब्चिक रस्त्यावर आडवा आला, त्याने स्टेन रोखली आणि चाप ओढला. एकही गोळी सुटली नाही. पळ काढण्याऐवजी हायड्रिशने मोटार थांबवायला लावली आणि स्वतःचे पिस्तूल काढले. तेवढ्यात यान कुबिशने फेकलेला बॉम्ब मोटारीच्या मागच्या चाकाजवळ फुटला, म्हणून ती मोहीम तडीस गेली. हायड्रिश ४ जूनला मेला तो बॉम्बच्या जखमांनी.

दुसऱ्या कसोटीबद्दल सांगायचे तर, बोल्ट मागे ओढून ठेवलेली स्टेन हातातून निसटून आपटली किंवा ट्रकमधून उतरताना दणका बसला तर आपोआप सुटू शकत असे. सुरक्षेची सोय म्हणजे बोल्टचा दांडा अडकवण्यासाठी कापलेली एक खाच, आणि तो दांडा धक्क्याने खाचेतून निसटतही असे. स्वतःच्या सोबत्यांनाच जिची भीती वाटावी, त्या बंदुकीला योग्य निर्णय कसे म्हणायचे?

अभ्यासिका

रोखठोक यांनी मांडलेली दोन्ही उदाहरणे खरी आहेत, पण त्यांची कारणे वेगवेगळी आहेत आणि दोन्हींचे खापर स्वस्ताईवर फोडता येत नाही.

आपटल्यावर गोळी सुटणे हा दोष उघड्या बोल्टवर चालणाऱ्या बहुतेक समकालीन सबमशीनगनमध्ये होता. अशा बंदुकीत बोल्ट मागे ताणलेल्या अवस्थेत थांबतो. तो पुढे धावताना मॅगझिनमधील (गोळ्यांच्या डब्यातील) गोळी ढकलून नळीत नेतो आणि त्याच झटक्यात तिच्या बुडावर आघात करतो. दांडा पुढेच असला तरी जोराच्या दणक्याने बोल्ट थोडा मागे जाऊन परत पुढे येऊ शकतो. म्हणून पुढच्या काळात स्टेनच्या दांड्याला आत दाबून नळकांड्याच्या छिद्रात अडकवण्याची सोय केली गेली.

अडकण्याचा दोष मात्र जवळजवळ सर्वस्वी मॅगझिनचा होता. स्टेनच्या ३२ गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये गोळ्या दोन रांगांत, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून बसतात, आणि तोंडाशी येताना त्या दोन रांगांची एकच रांग व्हावी लागते. या चिंचोळ्या भागात गोळ्या एकमेकींवर दाबल्या जातात. त्यात वाळूचा कण शिरला किंवा तोंडावरच्या पत्र्याच्या दोन ओठांपैकी एक जरासा वाकला तरी पुढची गोळी योग्य कोनात उभी राहत नाही. गोळ्या भरण्यासाठी स्वतंत्र साधन द्यावे लागे, कारण शेवटच्या काही गोळ्या नुसत्या अंगठ्याने दाबून भरणे फार कठीण होते. जाणते सैनिक ३२ ऐवजी २८ ते ३० गोळ्याच भरत.

आता मुख्य मुद्दा. ही रचना एनफिल्डने पैसे वाचवण्यासाठी शोधलेली नव्हती. ती एमपी २८ कडून लँचेस्टरमार्फत स्टेनकडे आली, आणि जर्मनांच्या नावाजलेल्या एमपी ४० च्या मॅगझिनमध्येही हेच तत्त्व आणि हाच दोष होता. एमपी ४० पडद्यावर देखणी दिसते, म्हणून तिची कोणी टिंगल करत नाही, एवढाच काय तो फरक.

गाब्चिकच्या बंदुकीबद्दल अनेक तर्क आहेत. त्याने ती सुटी करून बॅगेत, सशांसाठी कापलेल्या गवताखाली लपवून आणली होती आणि गवताचे तूस आत गेले असावे, असा एक तर्क वारंवार वाचायला मिळतो. त्या एका क्षणावरून चाळीस लाख बंदुकांचा निकाल लावणे मला पटत नाही.

माजी_हवालदार

अभ्यासिका यांनी मॅगझिनबद्दल लिहिलेले अगदी बरोबर आहे. आमच्या वेळी स्टेन जाऊन ९ मिमी कार्बाइन आलेली होती, जी ब्रिटिशांच्या स्टर्लिंगवरून कानपूरच्या कारखान्यात तयार होत असे. तिचे मॅगझिन ३४ गोळ्यांचे आणि बाकदार होते, आणि गोळ्यांना खालून उचलणारा भाग सपाट पट्टीचा नसून त्यात छोटे रूळ बसवलेले होते. तोंडाशीही गोळ्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने येत, एका रांगेत कोंबल्या जात नसत. त्यामुळे हाताने भरताना त्रास होत नसे.

आमचे उस्ताद स्टेनच्या काळात घडलेले होते. नव्या रंगरुटाने कार्बाइनचे मॅगझिन मुठीत धरले की ते हातावर छडी मारत. स्टेनचे मॅगझिन डाव्या बाजूला आडवे असल्यामुळे हात साहजिकच तिकडे जातो, आणि तसे सतत धरल्याने ते जेथे बसते ती जागा हळूहळू सैल होते. एकदा ती सैल झाली की गोळीचा कोन चुकलाच. शिवाय उजव्या बाजूला काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर फेकणारी खिडकी असते आणि बोट तेथे गेले तर बोल्ट त्याची गय करत नाही. तिसऱ्या नमुन्यात खिडकीच्या पुढे बोट अडवणारा पत्र्याचा तुकडा लावला होता, तो यासाठीच.

कोकणकडा

आमच्या माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचे स्मारक आहे. इटलीत १० जुलै १९४४ रोजी मराठा लाइट इन्फंट्रीच्या या जवानाने मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने धाव घेतली आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या हातातही स्टेनच होती का?

अभ्यासिका

नाही, ती थॉम्पसन होती. मानपत्रात तसा स्पष्ट उल्लेख आहे. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतील इतर सर्वजण मारले गेले किंवा जखमी झाले होते. त्यांनी आधी हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा यांना निकामी केले, थॉम्पसनने आणखी एकाला टिपले, आणि मॅगझिन बदलायला उसंत नव्हती म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याच्या घावांनी ठार केले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पराक्रम गाजवणारे नामदेव जाधव यांच्याकडेही थॉम्पसनच होती. हाताला गोळी लागल्यावर ती टाकून देऊन त्यांनी हातबॉम्ब वापरले आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना केली. इटलीतील भारतीय पलटणींच्या हाती थॉम्पसन मोठ्या प्रमाणावर होत्या.

फुकटचा_सल्ला

म्हणजे मॅगझिन रिकामे झाल्यावरही थॉम्पसन उपयोगी पडत असे. जवळजवळ पाच किलोचे वजन असण्याचा हा फायदा जाहिरातीत लिहायला हवा होता.

माजी_हवालदार

स्टेनच्या बाजूनेही एक नोंद हवी. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी नौशेराजवळ तैनधार येथे नाईक जदुनाथ सिंह यांचे सर्व साथीदार जखमी झाले, तेव्हा शत्रूच्या तिसऱ्या हल्ल्याच्या वेळी ते एकटे मोर्चातून बाहेर पडून स्टेनचा मारा करत पुढे गेले आणि हल्लेखोरांची फळी फुटली. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्याच वर्षी जुलैमध्ये तिथवाल भागात कंपनी हवालदार मेजर पिरू सिंह यांनी मशीनगनच्या ठाण्यावर केलेल्या चढाईतही स्टेनच होती. 'ऐन वेळी दगा देणारी' हे वर्णन दर वेळी लागू पडत नाही.

दप्तरदार

हवालदारसाहेब, माहितीबद्दल आभार. इतिहास मनापासून वाचतो आहे, पण या धाग्याचा शब्दशः काश्मीर होण्यापूर्वी आपण युरोपकडे परत जाऊया. माझ्या मते स्टेनचे खरे कर्तृत्व नियमित सैन्याबाहेर आहे. फ्रान्स, नॉर्वे, डेन्मार्क, पोलंड येथील भूमिगतांना रात्री पॅराशूटने पेट्या टाकल्या जात, त्यांत स्टेन असत. दस्ता आणि नळी काढली की ती पिशवीत मावत असे, आणि मॅगझिनची जागा फिरवून खाली केली की पुंगळी फेकणारी खिडकीही झाकली जाई. शिवाय तिला जर्मनांचीच ९ मिमी गोळी चालत असे, म्हणजे दारूगोळ्याचा पुरवठा शत्रूच्या कोठारातून होऊ शकत होता.

पोलादी_पोवाडा

यात एक भर घालतो. डेन्मार्कमध्ये भूमिगतांनी स्वतःच स्टेन बनवल्या. पोलंडमध्ये वात्सवाफ झावरोत्नी आणि सेवेरिन विएलानिएर या दोन अभियंत्यांनी स्टेन आणि एमपी ४० यांचा मेळ घालून 'ब्वुस्काविचा' ही बंदूक तयार केली, आणि जर्मन ताब्यातील वॉर्सात तिचे सुमारे सातशे नग निघाले. तिचे भाग जोडताना वेल्डिंगऐवजी स्क्रू आणि आटे वापरले होते, कारण सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांकडे तीच साधने होती.

युद्धानंतर पॅलेस्टाइनमधील ज्यूंच्या भूमिगत संघटनेकडे स्टेन होत्या, पण गोळ्यांची चणचण होती. त्यासाठी रेहोवोतजवळच्या एका किबुत्झमध्ये (ज्यूंच्या सामुदायिक वसाहतीत) जमिनीखाली कारखाना चालवला गेला. वर धोबीखाना आणि बेकरी होती. धुण्याच्या यंत्राखालून माणसांचा रस्ता होता आणि भट्टीखालून यंत्रसामग्रीचा. १९४५ ते १९४८ या काळात तेथे वीस लाखांहून अधिक ९ मिमी गोळ्या तयार झाल्या आणि इंग्रजांना पत्ता लागला नाही. आता तेथे संग्रहालय आहे.

सर्वांत मोठी दाद मात्र जर्मनांनी दिली. १९४४ मध्ये माउझर कंपनीने 'गेरेट पॉट्सडाम' या सांकेतिक नावाने स्टेनची ब्रिटिश खुणांसकट हुबेहूब नक्कल केली, आणि अखेरच्या महिन्यांत एमपी ३००८ नावाची आणखी साधी आवृत्ती काढली.

रोखठोक

बुडणाऱ्या जर्मनीने नक्कल केली, यावरून स्टेन चांगली होती असे सिद्ध होत नाही. जर्मनीची अवस्था १९४५ मध्ये ब्रिटनच्या १९४० मधील अवस्थेपेक्षाही वाईट होती. त्यांनी मॅगझिन आडवे न ठेवता खाली घेतले, हेही विसरू नका.

अभ्यासिका

खाली घेतले खरे, पण ते एमपी ४० चेच मॅगझिन होते, म्हणजे दोन रांगांची एक रांग करणारे. दोष जसाच्या तसा राहिला, फक्त त्याची दिशा बदलली.

सिडनीकर

मला येथे ऑस्ट्रेलियाचे उदाहरण अधिक बोलके वाटते. येथे ऑस्टेन नावाने स्टेनची स्थानिक आवृत्ती काढली गेली. त्याच सुमारास वोलाँगाँगच्या एव्हलिन ओवेन या तरुणाने स्वतःची बंदूक पुढे आणली, जिचे मॅगझिन वरच्या बाजूला उभे असे. सैन्यातील वरिष्ठांना ती नको होती, पण चिखल आणि वाळूच्या चाचण्यांत ती थॉम्पसन आणि स्टेन या दोघींहून सरस ठरली. न्यू गिनीच्या जंगलात सैनिकांनी ओवेनलाच पसंती दिली. ती सुमारे ४५,००० निघाली आणि ऑस्टेन सुमारे २०,०००. ओवेनही नळकांड्याचीच, साधी आणि स्वस्त होती. म्हणजे कमी खर्चात भरवशाची बंदूक करणे अशक्य नव्हते. तिचा नमुना कॅनबेराच्या युद्धस्मारकात काचेआड आहे आणि दिसायला ती स्टेनपेक्षाही ओबडधोबड आहे.

लेथवाला

सिडनीकर यांचा प्रतिसाद मोलाचा आहे. पत्रा आणि नळकांडे यांना दोष देणाऱ्यांना हे चोख उत्तर आहे. माझ्यापुरते सांगायचे तर, शेकडो ठिकाणी भाग बनत असताना मापातील फरक हा खरा धोका होता, आणि सुरुवातीच्या स्टेन एका कारखान्याच्या चांगल्या आणि दुसऱ्याच्या वाईट अशा निघत, त्याचे मूळ येथे आहे. तो तपासणीचा प्रश्न होता.

रोखठोक

ठीक आहे, १९४१ मध्ये समुद्रापलीकडे शत्रू उभा असताना जे हाती लागले ते घेतले, हे मी मान्य करतो. त्याला विरोध कधीच नव्हता. माझा आक्षेप त्यानंतरच्या वर्षांवर आहे. १९४३ पर्यंत ब्रिटनवर चालून येण्याची जर्मनांची शक्यता संपलेली होती. दोष मॅगझिनमध्ये आहे हे सर्वांना कळत होते. तरीही १९४४ मध्ये आलेल्या पाचव्या नमुन्याला लाकडी दस्ता, पिस्तुलासारखी मूठ आणि संगीन बसवण्याची सोय मिळाली, आणि मॅगझिन मात्र तेच राहिले. हॉलंडमधील आर्नहेमला उतरलेल्या छत्रीधारी सैनिकांच्या हातात ही नटवलेली बंदूक होती. रंगरंगोटीला वेळ होता, तर मूळ दुखणे का बरे केले नाही?

दप्तरदार

हा प्रश्न अगदी नेमका आहे, आणि धाग्याच्या सुरुवातीला मी तो असाच मांडायला हवा होता.

अभ्यासिका

याचे उत्तर मला संख्येत दिसते. तोपर्यंत लाखो बंदुका आणि त्यांच्या कितीतरी पट मॅगझिन तयार होऊन आफ्रिकेपासून नॉर्वेपर्यंत पसरलेली होती. मॅगझिन बदलायचे म्हणजे ते जेथे बसते तो भाग, बोल्ट आणि गोळी नळीत नेणारा उतार बदलायचा, आणि पुढे कोणत्या तुकडीला कोणते मॅगझिन पाठवायचे याचा घोळ आघाडीवर निस्तरायचा. अर्धवट भरवशाचे एकच मॅगझिन सर्वत्र चालणे हे त्यापेक्षा सोयीचे होते. जॉर्ज पॅचेट यांची बंदूक युद्ध संपण्यापूर्वीच चाचण्यांत होती. तीच पुढे स्टर्लिंग झाली आणि १९५३ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारली. तिच्यासाठी बाकदार मॅगझिन नव्याने बनवले, पण तिच्यात स्टेनचे जुने सरळ मॅगझिनही बसत असे.

रोखठोक

म्हणजे नवी बंदूक आली तरी जुन्या मॅगझिनचा लोंबकळता संसार सुटला नाही. हे उत्तर मला पटते, मात्र माझे मत त्यामुळे बदलत नाही. पुरवठा खात्याची सोय झाली आणि तिची किंमत चाप ओढणाऱ्याने मोजली.

माजी_हवालदार

जुन्या मॅगझिनबद्दलचे बरोबर आहे. आमच्या कोतात (शस्त्रे ठेवण्याच्या खोलीत) दोन-तीन सरळ मॅगझिन पडून होती आणि दर तपासणीत ती मोजली जात, पण फायरिंगला जाताना कोणीही ती उचलत नसे.